यूसीपी-1 आहे, पण उष्णता नाही: तपकिरी चरबीची पेशी घडते कशी आणि पेटते कशी

प्रश्न असा आहे: उंदराच्या पाठीतल्या तपकिरी चरबीपासून पेशी वाढवल्या, आठव्या दिवशी त्यांत तेलाचे थेंब भरले, वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन ओळखण्याची चाचणी) यूसीपी-1 या उष्णता काढणाऱ्या प्रथिनाचा पट्टाही नीट उमटला. पण नॉरएपिनेफ्रिन (थंडीत चेतातंतूंतून सुटणारे संदेशद्रव्य) दिल्यावर ऑक्सिजनचा वापर जेमतेम वाढतो आणि थोड्या वेळाने खालीच येतो. मग पेशी तपकिरी झाल्याच नाहीत का? सोबत हेही विचारले आहे की ही पेशी मुळात घडते कशी, उष्णता काढते कशी आणि माणसात तिचे काम काय.

पट्टा नीट असेल तर पेशी बहुधा तपकिरी झालेल्याच आहेत. गडबड मोजणीत आहे. पेशीने तपकिरी होणे आणि पेशीने उष्णता काढणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली जनुकांच्या पातळीवर ठरते, तिला दिवस-आठवडे लागतात. दुसरी मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या) आतल्या पटलावर ठरते, ती काही मिनिटांत चालू किंवा बंद होते. या दोन गोष्टी एकच मानल्या की डिशपासून वजन घटवण्याच्या गोळ्यांपर्यंत सगळीकडे घोळ होतो.

आधी ऊती पाहू. उंदराच्या दोन खांद्यांच्या मधली कातडी उचलली की वर पांढऱ्या चरबीचा थर दिसतो आणि त्याखाली फुलपाखराच्या पंखांसारखे दोन तपकिरी गोळे. त्यांच्या मधून, खालच्या बाजूने, एक ठळक शीर निघते. ती ओळखता आली तर तुम्ही योग्य जागी आहात. थंडीत ठेवलेल्या उंदराचा गोळा चिंचेच्या गोळ्यासारखा गडद असतो. 30 अंशांवर ठेवलेल्याचा दूध जास्त झालेल्या चहासारखा फिका. गडद रंग येतो मायटोकॉन्ड्रियातल्या लोहयुक्त सायटोक्रोमांमुळे आणि दाट केशवाहिन्यांमुळे. फिकेपणा येतो साठलेल्या तेलामुळे. पांढऱ्या पेशीत एकच मोठा थेंब असतो आणि केंद्रक कडेला ढकलले गेलेले असते. तपकिरी पेशीत अनेक छोटे थेंब आणि त्यांच्या मधे मायटोकॉन्ड्रियांची गर्दी. थेंब छोटे असण्याला कारण आहे: त्यामुळे तेलाचा पृष्ठभाग वाढतो आणि ते तोडणारी विकरे चटकन कामाला लागतात.

गोळा काढताना वरची पांढरी चरबी आणि खालचा स्नायू खरवडून काढायला आळस करू नका. स्नायूचा तुकडा राहिला तर आरएनएच्या तपासणीत स्नायूची जनुके दिसतात आणि ‘तपकिरी चरबी स्नायूसारखी असते’ असा चुकीचा पुरावा हाती येतो. तिचे स्नायूशी नाते खरेच आहे, म्हणून तर ही चूक लवकर पकडली जात नाही.

ते नाते गर्भात जुळते. पाठीकडच्या डर्मोमायोटोम नावाच्या पट्ट्यातून कातडीचा आतला थर, पाठीचे स्नायू आणि खांद्यांमधली तपकिरी चरबी अशा तिन्ही गोष्टी निघतात. उंदराच्या गर्भात पॅक्स7 हे जनुक चालू असलेल्या पेशींवर 9.5व्या दिवशी खूण केली, तर ती खूण पुढे तपकिरी चरबीतही सापडते, 12.5व्या दिवशी केली तर जवळजवळ फक्त स्नायूत. म्हणजे वाटा फुटण्याचा काळ फार छोटा आहे. वाट ठरवणाऱ्यांत पीआरडीएम16 हे प्रथिन महत्त्वाचे. 2008 मध्ये बोस्टनमधल्या स्पीगेलमन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की तपकिरी चरबीच्या पूर्वपेशींतून ते कमी केले की त्या स्नायूपेशींकडे वळतात, आणि स्नायूच्या पूर्वपेशींत घातले की त्या तपकिरी चरबी होतात. पुढे कळले की सी/ईबीपी-बीटा हे जनुके चालू करणारे प्रथिन सोबत असेल तर साध्या फायब्रोब्लास्टलाही (जोडऊतीच्या पेशीलाही) याच वाटेला लावता येते. ईबीएफ2 हे आणखी एक प्रथिन डीएनएचे बंद भाग उघडून पीपीएआर-गॅमा या चरबीपेशी घडवणाऱ्या मुख्य प्रथिनाला तपकिरी जनुकांपर्यंत पोचवते. मात्र पीआरडीएम16 हाच एकमेव मालक, असे चित्र रंगवू नका. ते नसलेल्या गर्भातही तपकिरी चरबी तयार होते, कारण पीआरडीएम3 हा त्याचा भाऊबंद काम सावरून घेतो.

मिफ5 या स्नायूवंशाच्या जनुकाची खूणही जपून वापरा. एके काळी ‘मिफ5 म्हणजे तपकिरी, मिफ5 नाही म्हणजे पांढरी’ असे सरळ गणित मांडले जायचे. नंतर काही पांढऱ्या चरबीच्या साठ्यांतही मिफ5च्या वंशाच्या पेशी सापडल्या. वंश सांगणारी खूण म्हणजे कामाचा दाखला नव्हे.

पांढऱ्या चरबीत, विशेषतः जांघेतल्या साठ्यात, थंडीने उगवणाऱ्या यूसीपी-1युक्त पेशींना बेज पेशी म्हणतात. त्यांचा उगम वेगळा आणि थंडी ओसरली की त्या पुन्हा पांढऱ्या दिसू लागतात. त्यांच्याबद्दलच्या आकड्यांचा सापळा पुढे सांगतो.

डिशमध्ये काय करायचे

नवजात किंवा तीन-चार आठवड्यांच्या उंदराचे गोळे घ्या. म्हातारा उंदीर नको, पूर्वपेशी कमी मिळतात. तुकडे बारीक करून कोलॅजिनेज हे ऊती सुटी करणारे विकर (मिलीलीटरला सुमारे 1.5 ते 2 मिलिग्रॅम, सोबत कॅल्शियम आणि अल्ब्युमिन) घालून 37 अंशांवर 30 ते 45 मिनिटे हलवत ठेवा. जास्त वेळ ठेवून ‘पूर्ण विरघळू दे’ म्हणालात तर पेशी मरतात आणि फुटलेल्या पेशींच्या डीएनएचा चिकट दोरा होतो. 100 मायक्रॉनच्या जाळीतून गाळा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. पिकलेल्या चरबीपेशी वर तरंगतात, त्या टाका. खाली बसलेला भाग तुमच्या कामाचा.

पूर्वपेशी तळ पूर्ण भरेपर्यंत वाढू द्या. अर्धवट भरलेल्या डिशमध्ये औषधे घातली तर जिथे दाटी आहे तिथेच चरबी भरते आणि तुम्हाला ठिपक्याठिपक्यांची डिश मिळते. मग चरबीपेशी घडवणारे दोन दिवसांचे मिश्रण: आयबीएमएक्स 0.5 मिलिमोलर, डेक्सामेथासोन 1 मायक्रोमोलर, इंडोमेथासिन 125 मायक्रोमोलर, इन्सुलिन 20 नॅनोमोलर, टी3 (थायरॉइडचे संप्रेरक) 1 नॅनोमोलर. त्यानंतर फक्त इन्सुलिन आणि टी3, दर दोन दिवसांनी माध्यम बदलत सहाव्या ते आठव्या दिवसापर्यंत.

कोण काय करते हे माहीत असले की बिघाड शोधता येतो. आयबीएमएक्स सीएएमपी या पेशीतल्या संदेशवाहक रेणूचे विघटन रोखते आणि त्यातून सी/ईबीपी-बीटा वाढते. डेक्सामेथासोन सी/ईबीपी-डेल्टा वाढवते. इंडोमेथासिन या मात्रेत पीपीएआर-गॅमालाही चालना देते. टी3 यूसीपी-1च्या जनुकावर थेट काम करते. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे डेक्सामेथासोन शेवटपर्यंत चालू ठेवणे: चरबी छान भरते, पण डेक्सामेथासोनसारख्या ग्लुकोकॉर्टिकॉइडमुळे नॉरएपिनेफ्रिनने वाढणारे यूसीपी-1 दबते. 48 तासांनी ते काढलेच पाहिजे. इंडोमेथासिन नीट विरघळले नाही तर माध्यमात सुईसारखे स्फटिक दिसतात. तसे दिसले तर ती बाटली फेकून द्या. रोसिग्लिटाझोन हे पीपीएआर-गॅमाला चालना देणारे औषध 1 मायक्रोमोलर घातले की यूसीपी-1 भरपूर वाढते, पण त्याच्या जोरावर पांढऱ्या पूर्वपेशीही यूसीपी-1 दाखवू लागतात. तपकिरी आणि पांढऱ्या पेशींतला फरक अभ्यासायचा असेल तर ते टाळलेले बरे.

तेलाने भरलेल्या पेशी तळ सोडायला टपलेल्याच असतात. माध्यम बदलताना सगळे ओढून घेऊ नका. अर्धे काढा, अर्धे कडेने सोडा. आठव्या दिवशी सुंदर दिसणारी डिश एका जोरदार पिपेटने चादरीसारखी सुटून येते.

आता उष्णता

थंडी कातडीला लागते, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागाला कळते आणि तिथून अनुकंपी चेतातंतूंमार्फत संदेश थेट गोळ्यापर्यंत येतो. तिथे नॉरएपिनेफ्रिन सुटते आणि उंदरात मुख्यतः बीटा-3 ग्राहीला जोडते. सीएएमपी वाढते, प्रोटीन कायनेज-ए जागे होते आणि तेलाच्या थेंबावर पहारा देणारे पेरिलिपिन बाजूला सरते. एटीजीएल आणि एचएसएल ही विकरे ट्रायग्लिसराइड तोडतात आणि मेदाम्ले मोकळी होतात.

ही मेदाम्ले एकाच वेळी दोन कामे करतात. ती इंधन आहेत आणि किल्लीही.

नेहमीच्या पेशीत अन्नाच्या ज्वलनातून मायटोकॉन्ड्रिया प्रोटॉन आतल्या पटलाबाहेर ढकलतात, धरणात पाणी साठवावे तसे. ते एटीपी सिंथेज या विकरामधून परत येतात आणि एटीपी हे पेशीचे ऊर्जाचलन बनते. एटीपी लागत नसेल तर पाणी तुंबते आणि ज्वलन मंदावते. यूसीपी-1 हे सुमारे 32 ते 33 किलोडाल्टनचे प्रथिन म्हणजे धरणाची दुसरी वाट: प्रोटॉन तिथून परत येतात, एटीपी बनत नाही, सगळी ऊर्जा उष्णता होऊन निघते. तुंबारा नसल्यामुळे ज्वलन पूर्ण वेगाने धावते. शिवाय तपकिरी चरबीत मायटोकॉन्ड्रियाच्या मानाने एटीपी सिंथेज फारच कमी असते.

ही वाट एरवी बंद असते. पेशीद्रव्यात एटीपी आणि त्याच्यासारखे प्युरिन न्यूक्लिओटाइड कायम मिलिमोलर प्रमाणात असतात आणि ते यूसीपी-1च्या मधल्या पोकळीत बुचासारखे बसतात. 2023 मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मिळालेल्या रचनांत हे बूच जागच्या जागी दिसले. लांब साखळीची मेदाम्ले आली की हा अडथळा मोडतो आणि प्रोटॉन वाहू लागतात. मेदाम्ले नेमकी कशी मदत करतात यावर वाद जुना आहे. 2012 मध्ये किरिचोक या संशोधकाच्या गटाने मायटोकॉन्ड्रियाच्या उघड्या पटलावर विद्युतप्रवाह मोजून दाखवले की मेदाम्लाचा ऋणभारित रेणू यूसीपी-1मध्येच अडकून प्रोटॉनची ने-आण करतो. मला हे स्पष्टीकरण सर्वांत पटते, पण सगळ्यांचे एकमत झालेले नाही.

म्हणजे ब्लॉटवरचा पट्टा तुम्हाला फक्त एवढेच सांगतो की वाट बांधलेली आहे. ती उघडली का, हे तो सांगत नाही.

आता तुमची अडचण

ऑक्सिजन वाढून खाली येतो, याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे माध्यमात अल्ब्युमिन (मेदाम्ले धरून ठेवणारे रक्तातले प्रथिन) नसणे. शरीरात सुटलेली जादा मेदाम्ले रक्त वाहून नेते. डिशमध्ये ती जागच्या जागी साठतात आणि दोन प्रकारे त्रास देतात: आधी यूसीपी-1 नसलेल्या पेशीतही पटल गळके करून खोटी वाढ दाखवतात, मग प्रमाण वाढले की श्वसनसाखळीच बिघडवतात. मोजणीच्या माध्यमात मेदाम्लमुक्त अल्ब्युमिन 1 ते 2 टक्के घाला. ‘मेदाम्लमुक्त’ हा शब्द बाटलीवर वाचून घ्या. साधे अल्ब्युमिन स्वतःच मेदाम्ले घेऊन येते.

क्रम असा ठेवा: आधी मूळ पातळी, मग ऑलिगोमायसिन, मग नॉरएपिनेफ्रिन किंवा आयसोप्रोटेरेनॉल (बीटा ग्राहींवर चालणारे औषध) 1 मायक्रोमोलर, मग एफसीसीपी (पटल सरसकट गळके करणारे रसायन), शेवटी रोटेनोन आणि अँटिमायसिन (श्वसनसाखळी बंद करणारी). ऑलिगोमायसिन एटीपीची वाट बंद करते, त्यामुळे नंतर जी वाढ दिसते ती गळतीची असते. एफसीसीपी दिल्यावरही वाढ नसेल तर दोष यूसीपी-1चा नाही, मायटोकॉन्ड्रिया किंवा इंधनाचा आहे. नॉरएपिनेफ्रिन रोज ताजे बनवा. हवेने ते गुलाबी-तपकिरी होते आणि मग उपयोगाचे राहत नाही. पेशी माणसाच्या असतील तर उंदरासाठीचे सीएल-316243 हे बीटा-3 औषध वापरून ‘प्रतिसाद नाही’ म्हणू नका. ते माणसाच्या ग्राहीवर फारसे चालत नाही, आणि माणसाच्या तपकिरी चरबीत बीटा-2 ग्राहीचा वाटा मोठा असल्याचे 2020 मध्ये दाखवले गेले.

खात्रीचा पुरावा हवा असेल तर दोन वाटा आहेत. एक, यूसीपी-1 नसलेल्या उंदराच्या पेशी शेजारी ठेवा. दोन, ताज्या ऊतीतून मायटोकॉन्ड्रिया वेगळे करा, अल्ब्युमिन घालून इंधन द्या आणि मग 1 मिलिमोलर जीडीपी हा यूसीपी-1चे बूच बनणारा न्यूक्लिओटाइड घाला. जीडीपीने श्वसन खाली आले तर जेवढे खाली आले तेवढा वाटा यूसीपी-1चा.

आता तो आकड्यांचा सापळा. जांघेतल्या पांढऱ्या चरबीत यूसीपी-1चा आरएनए थंडीने ‘शंभरपट’ वाढला, असे वाचायला मिळते. सुरुवात शून्याजवळ असेल तर शंभरपट म्हणजेही थोडेच. पट मोजू नका; पूर्ण साठ्यात एकूण किती यूसीपी-1 प्रथिन आहे ते मोजा आणि खांद्यांमधल्या गोळ्याशी ताडून पाहा. आरएनए काही तासांत उसळतो, प्रथिन जमायला दिवस लागतात.

उंदीरखान्याचे तापमानही लिहून ठेवत जा. माणसाला सुखाचे 22 अंश उंदराला थंडी असते. त्याला कष्ट न पडणारे तापमान 28 ते 30 अंश आहे. 1997 मध्ये यूसीपी-1 नसलेले उंदीर तयार झाले, ते थंडीत गारठत, पण लठ्ठ झाले नाहीत, आणि अनेकांचा उत्साह मावळला. 2009 मध्ये तेच उंदीर सुखाच्या तापमानात ठेवल्यावर लठ्ठ झाले. फरक फक्त पिंजऱ्याच्या खोलीचा होता. असे उंदीर थेट 4 अंशांवर नेलेत तर काही तासांत मरतात. आधी 18 अंशांवर काही आठवडे ठेवले तर कुडकुडण्याच्या जोरावर तग धरतात. क्रिएटिनचे आणि कॅल्शियमचे चक्र फुकट फिरवूनही चरबीपेशी थोडी उष्णता काढतात, पण यूसीपी-1ची जागा त्यांनी पूर्ण भरून काढल्याचे मला दिसत नाही.

माणसात

मोठ्या माणसात तपकिरी चरबी असते हे 2009 मध्ये एकाच वेळी आलेल्या तीन अभ्यासांनी पक्के केले: गळ्याच्या बाजूला, हंसळीच्या वर, कण्यालगत. कर्करोगासाठीच्या पेट स्कॅनमध्ये रुग्णाला थंडी वाजत असेल तर ती झळकते आणि गाठीसारखी भासते. म्हणून स्कॅनसाठीचे किरणोत्सारी ग्लुकोज टोचण्याआधीपासून रुग्णाला उबदार ठेवायचे. उलट, स्कॅनमध्ये दिसली नाही म्हणजे नाहीच, असेही नाही. त्या वर्षीच्या एका अभ्यासात 16 अंशांवर ठेवलेल्या 24 पुरुषांपैकी 23 जणांत ती दिसली. बांधलेली आहे आणि पेटलेली आहे यांतला फरक इथेही तोच.

वजनाबाबत मी अपेक्षा कमीच ठेवतो. पूर्ण चेतवलेली तपकिरी चरबी किलोमागे सुमारे 300 वॉट देते असे प्राण्यांतल्या मोजमापांवरून धरले जाते. 50 ग्रॅम दिवसभर पूर्ण पेटली तर 15 वॉट, म्हणजे सुमारे 300 किलोकॅलरी. पण माणसात ती दिवसभर पूर्ण पेटत नाही आणि प्रत्यक्ष मोजलेले आकडे याहून फार लहान आहेत. मिराबेग्रॉन हे मूत्राशयाचे औषध 200 मिलिग्रॅम दिल्यावर ती पेटली, पण ती मात्रा नेहमीच्या 50 मिलिग्रॅमच्या चौपट आहे आणि नाडी व रक्तदाबही वाढतात. डायनायट्रोफेनॉल अर्थात डीएनपीचा तर विचारही करू नका. तेही प्रोटॉन गळवते, पण शरीरातल्या सगळ्या पेशींत आणि बंद करण्याची कोणतीही सोय नसताना. 1930च्या दशकात अमेरिकेत ते वजनासाठी खपले, माणसे अक्षरशः आतून तापून गेली आणि 1938 मध्ये त्यावर बंदी आली. आजही ते इंटरनेटवरून विकत घेऊन लोक मरतात.

तपकिरी चरबीचे खरे मोल नवजात बाळात आहे. बाळ कुडकुडत नाही. पाठ, मान, काखा आणि मूत्रपिंडांभोवतीची तपकिरी चरबीच त्याची शेगडी. गर्भात ती तयार असूनही बंद ठेवलेली असते, वारेतून येणारे एडेनोसिन आणि प्रोस्टाग्लँडिन तिला दाबून ठेवतात. नाळ बंद झाली की ती पेटू शकते. पण पेटायला ऑक्सिजन आणि इंधन लागते. म्हणून जन्मताना गुदमरलेले बाळ लवकर गार पडते, आणि गार पडलेल्या बाळाची साखर उतरते. दिवस पूर्ण न भरता आलेल्या बाळात साठा आणि यूसीपी-1 दोन्ही अपुरे, त्यामुळे पांघरूण घातले तरी आत शेगडीच नसते. त्याला बाहेरून ऊब द्यावी लागते, सर्वांत चांगली आईच्या उघड्या छातीशी.

बाळ जन्मल्याबरोबर कोरडे पुसा, ओले कापड बदला, टोपी घाला. खोली 25 ते 28 अंशांवर, पंखा बंद. काखेतले तापमान 36.5 ते 37.5 हवे; 36.4 दिसले की त्वचेला त्वचा लावून धरा आणि दूध पाजा, 36च्या खाली गेले तर दवाखाना गाठा. आपल्याकडे पहिल्याच दिवशी बाळाला न्हाऊ घालण्याची घाई होते. निदान 24 तास थांबा, कारण ओले अंग जेवढी ऊब घालवते तेवढी भरून काढायला बाळाला आपली तपकिरी चरबी खर्चावी लागते. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा धुरी मात्र नको: कार्बन मोनॉक्साइड रक्तातला ऑक्सिजन अडवतो, आणि ऑक्सिजनशिवाय बाळाची आतली शेगडी चालत नाही.